खाली निखळलेला खांदा: झोळीत थांबायचं की शस्त्रक्रियेला जायचं?

खांदा निखळला, हात डोक्यावर तसाच अडकला, रुग्णालयात तो बसवला, एक्स-रे झाला, हात झोळीत आला आणि पुढच्या तपासणीची तारीख देऊन घरी पाठवलं. इथपर्यंत बहुतेकांचा प्रवास सारखाच असतो. गोंधळ त्यानंतर सुरू होतो. एक डॉक्टर म्हणतात, व्यायामाने बरं होईल. दुसरे म्हणतात, एमआरआय करा, शस्त्रक्रिया लागू शकते. त्यातच ओळखीतल्या कुणाचा तरी खांदा पूर्वी निखळलेला असतो आणि त्याचा सल्ला या दोघांपेक्षा वेगळा असतो. तो अनुभव खोटा नसतो, पण बहुधा वेगळ्याच दुखापतीचा असतो.

खांदा खालच्या दिशेने निखळणं, ज्याला वैद्यकीय भाषेत लक्सेशिओ इरेक्टा म्हणतात, हा खूप दुर्मीळ प्रकार आहे. निखळलेल्या दर दोनशे खांद्यांमध्ये असा जेमतेम एक सापडतो. मिडलडॉर्फ आणि शार्म यांनी 1859 मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं, पण आजही अनेक अस्थिरोगतज्ज्ञांना पूर्ण कारकिर्दीत असे मोजकेच रुग्ण भेटतात. त्यामुळे 'माझ्या इतक्या रुग्णांना अमुक उपचार लागू पडला' असं ठामपणे सांगणारा माणूस मिळणं अवघड. हाती असतात ते एकेका रुग्णाचे अहवाल, ते गोळा करून केलेले काही आढावे आणि खांद्याच्या इतर दुखापतींवरून लावलेले अंदाज.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ते तपासून बघता येईल. या दुखापतीत 'शस्त्रक्रिया हवी की नको' हा प्रश्न सांध्याबद्दलचा नाहीच. सांधा बहुतेकदा नीट बसतो आणि नीट राहतो. प्रश्न असतो त्याच्यासोबत काय दुखावलं याचा. नस, म्हणजे स्नायूला चालवणारा मज्जातंतू, दुखावली असेल तर थांबता येतं. स्नायूबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, तुटला असेल तर थांबणं महागात पडतं. आणि पहिल्या काही आठवड्यांत या दोन्हींची लक्षणं जवळजवळ सारखीच दिसतात.

आधी प्रकार पक्का करा

खांदा निखळण्याच्या सुमारे 95 टक्के घटनांमध्ये दंडाच्या हाडाचा गोल माथा पुढच्या बाजूला सरकतो. खेळाडूंचा खांदा निखळल्याच्या बातम्या येतात त्या बहुतेक याच प्रकाराच्या. त्यात मुख्य भीती असते पुन्हापुन्हा निखळण्याची. विशीच्या आतबाहेरच्या मुलांमध्ये ही शक्यता इतकी जास्त असते की पहिल्याच वेळी शस्त्रक्रिया करावी का, यावर गंभीर चर्चा होते. चाळिशीनंतर पुन्हा निखळण्याची शक्यता घटते, पण रोटेटर कफ, म्हणजे माथ्याला धरून ठेवणारे स्नायूबंध, फाटण्याची शक्यता वाढते.

मागच्या बाजूला निखळणं 2 ते 4 टक्के. तेही दुर्मीळच, पण त्याची वेगळी खोड आहे: ते नजरेतून सुटतं. अपस्माराचा झटका किंवा विजेचा धक्का बसल्यावर खांद्याचे स्नायू इतके जोराने आकुंचन पावतात की माथा मागे ढकलला जातो. हात शरीराशी, आतल्या बाजूला वळलेला राहतो; रुग्णाला तो बाहेर फिरवता येत नाही. समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये सांधा जागेवर असल्यासारखा वाटतो, म्हणून बाजूने किंवा काखेतून काढलेला दुसरा एक्स-रे लागतोच. या प्रकारात निर्णय मुख्यतः माथ्याला पडलेल्या खड्ड्याच्या आकारावर ठरतो. खड्डा माथ्याच्या पाव भागापेक्षा लहान आणि दुखापत ताजी असेल तर नुसता बसवून चालतं. त्याहून मोठा असेल तर मॅकलॉफलिन यांनी 1952 मध्ये सांगितलेली, पुढचा स्नायूबंध त्या खड्ड्यात बसवण्याची शस्त्रक्रिया किंवा तिची सुधारित रूपं विचारात घेतात. अर्धा माथाच खचला असेल तर कृत्रिम सांध्याची वेळ येते. आणखी एक गोष्ट: नेहमीची झोळी हात पोटाशी, म्हणजे आत वळवून ठेवते. मागे निखळलेल्या खांद्याला नेमकी तीच स्थिती चालत नाही. हात सरळ किंवा किंचित बाहेर वळलेला ठेवणारा पट्टा लागतो. तुमचा खांदा मागे निखळला होता आणि हात साध्या झोळीत पोटाशी बांधलेला आहे, असं असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता विचारा.

खाली निखळलेला खांदा ओळखायला मात्र एक्स-रेचीही गरज पडत नाही. हात वर गेलेला, कोपर वाकलेलं, मनगट डोक्यावर किंवा डोक्यामागे टेकलेलं आणि हात खाली आणताच येत नाही. काखेत किंवा बरगड्यांच्या बाजूला माथ्याचा गोळा हाताला लागतो. असं बहुधा दोन पद्धतींनी होतं. पडताना माणूस काहीतरी धरायला जातो आणि आधीच वर असलेला हात आणखी वर खेचला जातो. दंडाच्या हाडाची मान खांद्यावरच्या हाडाच्या कडेला टेकते, तरफ तयार होते आणि माथा खालून निसटतो. किंवा हात वर असतानाच वरून थेट दाब येतो आणि माथा खाली ठोकला जातो.

इथे एक छोटी सूचना. कधीकधी अहवालात 'माथा खाली सरकलेला दिसतो' असं लिहिलेलं असतं, पण हात मात्र शरीराच्या बाजूलाच असतो. ते वेगळं. सांध्यात रक्त साठलं किंवा खांद्याला गोलाई देणारा डेल्टॉइड स्नायू सैल पडला की माथा थोडा खाली लोंबतो आणि काही आठवड्यांत बहुधा आपोआप वर येतो. तो निखळलेला खांदा नव्हे, आणि पुढचं विवेचन त्याला लागू नाही.

बसवण्याच्या दोन पद्धती

खांदा बसवून झाला असेल तर हा भाग सोडून द्या. नसेल, तर निवड तुमची नसून तुमच्या डॉक्टरांची असते, आणि दोन्ही पद्धती चांगल्या आहेत.

जुन्या पद्धतीत वर असलेला हात त्याच दिशेने ओढतात, दुसरा माणूस खांद्यावरून टाकलेल्या चादरीने उलट दिशेला धरून ठेवतो आणि माथा सांध्याच्या वाटीत शिरला की हात हळूहळू खाली आणतात. दुसरी पद्धत 2006 मध्ये मांडली गेली. तिच्यात एक हात दंडावर आणि एक कोपराच्या आतल्या बाजूला ठेवून माथा आधी खालून पुढे फिरवतात, म्हणजे दुर्मीळ प्रकाराचं नेहमीच्या प्रकारात रूपांतर करतात, आणि मग नेहमीसारखा बसवतात. तिला जोर कमी लागतो आणि एकट्या डॉक्टरालाही ती जमते. क्वचित माथा सांध्याच्या फाटलेल्या पिशवीतून काजातून बटण जावं तसा बाहेर पडून अडकतो. मग कितीही ओढलं तरी तो परत येत नाही आणि उघडी शस्त्रक्रिया करून तो सोडवावा लागतो. शस्त्रक्रिया लगेच करण्याचं हे एक निर्विवाद कारण.

बसवण्याआधी एक्स-रे काढतात, त्यात वेळ वाया जातोय असं वाटू देऊ नका. दंडाच्या हाडाच्या मानेला न हललेली चीर असेल आणि ती न पाहता ओढलं, तर माथा सुटा होऊ शकतो. घरी कुणी ओढून बघण्याचा प्रश्नच नाही.

सोबत काय दुखावतं

1990 मध्ये मॅलन, बॅसेट आणि गोल्डनर यांनी तोवर नोंदवले गेलेले खाली निखळलेल्या खांद्याचे रुग्ण एकत्र करून आढावा घेतला. त्यांपैकी सुमारे 80 टक्के रुग्णांमध्ये एकतर रोटेटर कफ फाटला होता किंवा दंडाच्या वरच्या टोकाचा मोठा उंचवटा मोडला होता. सुमारे 60 टक्क्यांमध्ये नसेला काही ना काही इजा होती. रक्तवाहिनीची इजा 3 टक्क्यांच्या आसपास. हे आकडे वाचताना एक भान ठेवायला हवं: दुर्मीळ दुखापतींमध्ये गुंतागुंतीचे रुग्ण जास्त लिहिले जातात, साधे विस्मरणात जातात. त्यामुळे तुमच्याबाबतीत प्रत्यक्ष शक्यता याहून कमीही असू शकते. पण पुढे निखळणाऱ्या खांद्यापेक्षा इथे सोबतच्या इजा जास्त, हे चित्र वाद घालण्यासारखं नाही, आणि त्याचं कारण शरीररचनेतच आहे.

ॲक्सिलरी नस सांध्याच्या पिशवीच्या अगदी खालून, दंडाच्या मानेला वळसा घालून जाते. माथा खाली आला की तो थेट तिच्यावरच उतरतो. ही नस डेल्टॉइडला चालवते, म्हणजे हात बाजूला उचलणाऱ्या, खांद्याला गोलाई देणाऱ्या स्नायूला. दंडाच्या बाहेरच्या अंगाला, बाहीवर बिल्ला लावतात त्या जागी, कातडी बधिर होते. मात्र तिथली संवेदना शाबूत आहे म्हणून नस शाबूत आहे, असं धरून चालू नका; कातडीची संवेदना ठीक असूनही स्नायूचा पुरवठा तुटलेला असू शकतो. खरी परीक्षा स्नायूची. तुम्ही हात न हलवता कोपर बाहेर ढकलण्याचा प्रयत्न करताना डॉक्टर डेल्टॉइडवर बोटं ठेवून तो घट्ट होतो का पाहतात.

चांगली बातमी अशी की बहुतेक वेळा नस तुटत नाही, ताणली जाते. ताणलेली नस काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत काम करू लागते. आतला तंतू तुटून बाहेरचं आवरण शाबूत असेल, तर नवा तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणून डेल्टॉइडमध्ये जीव यायला तीन-चार महिने लागू शकतात. नसेची तपासणी पहिल्याच आठवड्यात करून फारसा उपयोग नसतो. स्नायूतले बदल ईएमजीत, म्हणजे स्नायूंच्या विद्युत तपासणीत, स्पष्ट दिसायला तीन-चार आठवडे जावे लागतात. तीन महिन्यांनंतरही काहीच हालचाल नसेल तर नसांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाकडे जायला हवं, कारण अशा शस्त्रक्रिया सहा महिन्यांच्या आत जास्त यशस्वी होतात. वर्षभरानंतर स्नायू नसेला प्रतिसाद देण्याची क्षमताच गमावू लागतो.

आता कफ आणि उंचवटा. रोटेटर कफ म्हणजे माथ्याला वरून, पुढून आणि मागून धरून ठेवणारे चार स्नायूबंध. त्यांतला वरचा बंध दंडाच्या मोठ्या उंचवट्यावर बसतो. हात प्रमाणाबाहेर वर जाऊन माथा खाली निसटला की या जोडणीवर भयंकर ताण येतो, आणि मग एकतर दोर तुटतो किंवा खुंटी उपटून येते. रुग्णाच्या दृष्टीने खुंटी उपटणं बरं. उपटलेला हाडाचा तुकडा सांधा बसवल्यावर अनेकदा आपल्या जागी परततो आणि हाडाला हाड सुमारे सहा आठवड्यांत जुळतं. तो पाच मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेला राहिला तरच सहसा शस्त्रक्रियेचा विचार होतो. डोक्यावर हात नेऊन खेळणाऱ्या किंवा काम करणाऱ्यांसाठी ही मर्यादा आणखी कमी, तीन मिलिमीटरच्या आसपास धरतात. वर सरकलेला तुकडा तसाच जुळला तर हात उचलताना तो खांद्यावरच्या हाडाला अडतो.

दोर तुटला तर मात्र तो आपोआप परत चिकटत नाही. स्नायू त्याला आत ओढत राहतो, टोक दूर जातं, स्नायूत चरबी भरते, आणि काही महिन्यांनी शिवायला घेतलं तर ताणूनही जागेवर पोचत नाही. म्हणून अपघाताने ताजा, पूर्ण जाडीचा फाटलेला कफ पहिल्या काही आठवड्यांत, फार तर तीन-चार महिन्यांत शिवावा, असं बहुतेक खांदातज्ज्ञ मानतात.

घोळ कुठे होतो ते आता दिसेल. तीन आठवड्यांनी झोळी निघते, हात वर होत नाही, आणि बिल्ल्याच्या जागी थोडी बधिरताही असते. डॉक्टर म्हणतात, 'नस ताणली आहे, वेळ द्या.' हे खरंही असू शकतं. पण त्याच खांद्यात कफ फाटलेला असेल तर नसेची वाट पाहता पाहता कफची वेळ निघून जाते. नस सुधारते, डेल्टॉइड परत येतो, आणि तरीही हात उचलत नाही. मग सहाव्या महिन्यात एमआरआय होतो. या दुखापतीत टाळता येण्यासारखं सर्वांत मोठं नुकसान मला हेच वाटतं, आणि ते टाळायला फक्त एक वेळेवर केलेली तपासणी लागते. एमआरआय नाही जमला तर खांद्याची चांगली सोनोग्राफीही पूर्ण फाटलेला कफ दाखवते.

रक्तवाहिनीची इजा क्वचित होते, पण ती तासांत हाताळावी लागते. काखेतली मोठी धमनी ताणून फाटते, वयस्कर माणसांत जास्त, कारण त्यांच्या धमन्या कडक झालेल्या असतात. हात थंड, फिकट, मनगटाची नाडी क्षीण, काखेत वाढत जाणारी सूज. खांद्याभोवती रक्ताचे पर्यायी मार्ग असल्यामुळे नाडी लागते म्हणून धमनी ठीक असेलच असं नाही. घरी आल्यावर यांतलं काही दिसलं, किंवा बोटांची शक्ती कमी होऊ लागली, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये. थेट तातडीच्या विभागात जावं.

झोळी आणि शस्त्रक्रिया, समोरासमोर

खालचा तक्ता दोन मार्गांचा आहे: सांधा बसवून झोळी व फिजिओथेरपी, आणि दुर्बिणीतून किंवा उघडी दुरुस्ती. तो ढोबळ आहे. तुमच्या एमआरआयपुढे त्याला किंमत नाही.

| मुद्दा | झोळी आणि व्यायाम | शस्त्रक्रिया |
|---|---|---|
| कुणासाठी | कफ शाबूत किंवा अर्धवट फाटलेला, उंचवटा जागेवर, फक्त नस ताणलेली | कफ ताजा व पूर्ण फाटलेला, उंचवटा सरकलेला, सांधा बसतच नाही, धमनीची इजा |
| झोळीचा काळ | साधारण 2 ते 3 आठवडे, वय जास्त असेल तर कमी | कफ शिवल्यावर 4 ते 6 आठवडे |
| हात डोक्यावर नेणं | 6 आठवड्यांनंतर हळूहळू | आधी दुसऱ्याच्या मदतीने, स्वतःच्या जोरावर 6 आठवड्यांनंतर. ताकदीचे व्यायाम सुमारे 3 महिन्यांनंतर |
| पूर्ण वापर | सोबतची इजा नसेल तर बहुधा 3 ते 4 महिने | 6 महिने ते वर्ष |
| मुख्य धोका | फाटलेला कफ नजरेतून सुटणं. खांदा आखडणं | पुन्हा फाटणं, आखडणं, क्वचित जंतुसंसर्ग |

पहिल्याच ओळीत निर्णयाचा नव्वद टक्के भाग आहे. बाकीच्या ओळी तयारीसाठी.

झोळीचा मार्ग घेतलेल्या, सोबत मोठी इजा नसलेल्या लोकांचे निकाल एकूण चांगले आहेत. खांदा पुन्हा निखळण्याची भीती पुढच्या प्रकारातल्या तरुणांइतकी नसते, त्यामुळे केवळ 'पुन्हा होऊ नये म्हणून' शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर नेमकं काय फाटलंय ते विचारा. तुम्ही पंचविशीच्या आत असाल, वाटीच्या कडेची पाळी फाटलेली असेल आणि झोळी निघाल्यावरही खांदा निसटल्यासारखा वाटत असेल, तर गोष्ट वेगळी. मग ती पाळी शिवणं रास्त आहे.

या मार्गात लोक सर्वाधिक चुकतात ते झोळी जास्त दिवस ठेवून. जपायचं म्हणून सहा-सहा आठवडे हात बांधून ठेवला की खांदा आखडतो, आणि चाळिशीनंतर किंवा मधुमेह असेल तर हमखास म्हणावं इतका. बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायला हवीत. वेदना ओसरली की पुढे वाकून हात लोंबता ठेवून झुलवण्याचे व्यायाम सुरू होतात. झोपताना पाठ थोडी उंच आणि कोपराखाली उशी असेल तर पहिले दोन आठवडे सुसह्य जातात. हात बाजूला वर नेऊन बाहेर वळवण्याची हालचाल मात्र फिजिओथेरपिस्ट सांगेपर्यंत टाळायची, आणि झोळी असेपर्यंत गाडी चालवायची नाही.

शस्त्रक्रियेच्या बाजूने बोलायचं तर, ताजा कफ वेळेत शिवला की वेदना आणि ताकद या दोन्हींत होणारा फायदा खरा असतो. पण त्याची किंमतही खरी असते: दीड महिना एका हाताने जगणं, त्यानंतर अनेक महिने व्यायाम, आणि एवढं करूनही शिवण टिकेल याची खात्री नाही. फाटलेला भाग जितका मोठा आणि वय जितकं जास्त, तितकी शिवण सुटण्याची शक्यता जास्त. तरीही एक दिलासा आहे. शिवण पूर्ण न टिकलेल्या बऱ्याच लोकांची वेदना तरीही कमी झालेली असते. फिजिओथेरपीला जाणं शक्यच नाही अशी परिस्थिती असेल, तर शस्त्रक्रियेआधी ते मोकळेपणाने सांगा. व्यायामाविना केलेली दुरुस्ती आणि न केलेली दुरुस्ती यांत फार फरक उरत नाही.

वयाचा प्रश्न बऱ्याचदा चुकीचा विचारला जातो. 'साठी उलटली, आता कशाला शस्त्रक्रिया' हे सरसकट खरं नाही. बघायचं असतं ते कफ आधीच झिजून फाटलेला होता का. एमआरआयमध्ये स्नायू सुकलेला आणि चरबीने भरलेला दिसत असेल तर ती फाट जुनी आहे, अपघाताने फक्त लक्षात आली. तिथे व्यायामाला आधी संधी द्यावी. पण स्नायू भरीव आहे, फाट ताजी आहे, आणि अपघाताआधी माणूस दोन्ही हातांनी सगळं करत होता, तर पासष्टीतही दुरुस्ती रास्त ठरते. उलट पस्तिशीतल्या माणसाची छोटी, अर्धवट फाट सरळ शस्त्रक्रियेकडे नेण्याची घाई नको.

कफ आणि नस दोन्ही दुखावले असतील तर डॉक्टरांमध्येही मतभेद दिसतील. काही म्हणतात, डेल्टॉइड चालत नसताना कफ शिवून व्यायाम कसा करणार? हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. पण अनेक खांदातज्ज्ञ नसेची वाट पाहत कफ अडकवून ठेवत नाहीत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. कफ शिवल्यावर पहिले सहा आठवडे तसाही स्वतःच्या जोरावर हात उचलायचा नसतो. तो काळ नसेला सावरायला मिळतो.

डॉक्टरांना काय विचाराल

झोळी निघण्याच्या भेटीत एक्स-रे पाहून 'हाड ठीक आहे' एवढंच सांगितलं गेलं, तर ती तपासणी या दुखापतीसाठी अपुरी आहे. डेल्टॉइड आवळतो का ते हाताने तपासलं का, हे विचारा. हात बाजूने वर करता येत नसेल तर कारण कफ की नस, आणि ते कशावरून ठरवलं, हेही. चाळिशीच्या पुढे असाल आणि दोन-तीन आठवड्यांनीही हात खांद्याच्या पातळीपर्यंत उचलत नसेल, तर एमआरआय किंवा सोनोग्राफी मागताना संकोच नको. उंचवट्याचा तुकडा होता का, असेल तर बसवल्यानंतरच्या एक्स-रेत तो किती मिलिमीटर सरकलेला आहे, हा आकडा मागून घ्या. 'थोडासा' या उत्तरावर समाधान मानू नका. दुसरं मत घ्यायचं असेल तर खांद्याच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या तज्ज्ञाचं घ्या, आणि जाताना बसवण्याआधीचे एक्स-रेही न्या. बसवल्यानंतरच्या चित्रात हा खांदा खाली निखळला होता हे कुठेच दिसत नाही, आणि मग तो नेहमीचा पुढे निखळलेला खांदा समजून सल्ला दिला जातो.

ज्यांना उशीर झाला आहे

सहा महिने किंवा वर्ष उलटून गेलेले वाचकही असतील. आधी खांदा आखडला आहे की अशक्त आहे, हे वेगळं करा. दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नसेल तर तो आखडलेला आहे, आणि बहुतेक आखडलेले खांदे व्यायामाने, सांध्यात दिलेल्या इंजेक्शनने आणि थोड्यांच्या बाबतीत दुर्बिणीतून पिशवी मोकळी करून सुधारतात. दुसऱ्याने उचलला तर जातो पण स्वतःहून उचलत नाही, असं असेल तर कफ किंवा नस. जुन्या फाटीतही स्नायू फार सुकलेला नसेल तर शिवणं शक्य असतं. ते शक्य नसेल आणि वय जास्त असेल तर उलट रचनेचा कृत्रिम सांधा हा चांगला पर्याय आहे. त्यात वाटीच्या जागी गोळा आणि गोळ्याच्या जागी वाटी बसवतात, म्हणजे कफ नसतानाही डेल्टॉइडच्या जोरावर हात वर जातो. पण हा सांधा पूर्णपणे डेल्टॉइडवर चालतो. ॲक्सिलरी नस कायमची गेलेली असेल तर तो सहसा बसवत नाहीत, म्हणून त्याची चर्चा सुरू करण्याआधी ईएमजी करून घ्या.